ताळा नसलेली नक्कल : 'स्कॅन केले म्हणजे जपले' या भ्रमाचा इतिहास

१/ 'सगळे स्कॅन करून ठेवले आहे, आता चिंता नाही.' अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, जिथे जुनी इमारत पाडली जाते आणि जिथे वाचनालयाचे कपाट रिकामे केले जाते, तिथे हे वाक्य कानी पडते. पाठोपाठ कागदांचे गठ्ठे रद्दीत जातात. हे वाक्य चुकीचे तर आहेच, शिवाय ते घातकही आहे. ज्या साष्टी बेटावर ही उपनगरे वसली, त्याच बेटाच्या दप्तराचा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. धागा दीर्घ आहे.

२/ मुद्दा एका वाक्यात असा : नक्कल म्हणजे जतन नव्हे, जिचा ताळा घेता येतो तीच नक्कल जतन ठरते. 'ताळा' हा शब्द जुन्या शाळेतला. गणित सोडवल्यावर उत्तर बरोबर आले की नाही हे दुसऱ्या, छोट्या वाटेने तपासणे म्हणजे ताळा. जमाखर्च मांडणाऱ्याने ताळा सोडला की दिवाळे ठरलेले. संगणकात साठवलेल्या माहितीलाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच, की तिथले दिवाळे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

३/ आरंभ दगडापासून. परळ येथे सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख शके ११०८ चा, म्हणजे इ.स. ११८७ चा. षट्षष्टी, म्हणजे आजची साष्टी, या प्रदेशातील महावली गावच्या एका वाडीचे २४ द्रम्मांचे उत्पन्न वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी दिल्याची ही नोंद आहे. हे महावली कुर्ल्याच्या परिसरातले मानले जाते. थोडक्यात, उपनगरांतील जमिनीच्या उत्पन्नाची ही आठशे वर्षांपूर्वीची सरकारी नोंद. आणि ती आजही वाचता येते.

४/ या लेखाच्या शेवटी शापवचन आहे. मुख्य मजकूर संस्कृतात आणि शाप मात्र लोकांच्या मराठीत. खाली गाढवाचे चित्र. कोकणातील असे दगड 'गधेगाळ' म्हणून प्रसिद्ध आहेत. आजचा वाचक ते पाहून हसतो आणि पुढे जातो. थांबून विचार केला तर दिसते ते असे : नोंद लिहिणाऱ्याला ठाऊक होते की नोंद लिहिली म्हणून ती टिकत नाही. कोणीतरी ती पुसणार, बदलणार. म्हणून संरक्षणाची तजवीज नोंदीच्याच अंगावर कोरली गेली, आणि ज्याला अक्षर कळत नाही त्याच्यासाठी चित्रही काढले गेले.

५/ शापाची मर्यादा उघड आहे. शाप भीती घालतो, पण बदल झालाच तर तो दाखवून देत नाही. ती उणीव ताम्रपटांनी भरून काढली. दानाचे पत्रे एकाहून अधिक असले तर त्यांना भोक पाडून एका कडीत ओवत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा ठोकत. मधला पत्रा बदलायचा तर कडी तोडणे भाग. आणि तुटलेली कडी स्वतःच बोलते. भीती घालणे ही एक गोष्ट आणि फेरफार उघड करणे ही दुसरी. डेटाच्या संरक्षणाचे सारे शास्त्र या दुसऱ्या गोष्टीवर उभे आहे.

६/ मराठेशाहीच्या दप्तरात ही जाण अधिक बारीक झाली. पत्राचा मजकूर संपला तिथेच मोर्तबाचा शिक्का उमटे, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ वाढवता येऊ नये. लांब कागद एकाला एक चिकटवून केलेला असला तर पाठीमागे जोडावर शिक्का मारत. जोड सुटला तर शिक्का दुभंगे. 'सुरू सूद', 'बार' अशा खुणा सांगत की हे पत्र दप्तरातील नोंदींमधून गेले आहे. पत्र खरे की खोटे हा वाद उद्भवला तर तपासायला दुसरी, स्वतंत्र नोंद हाताशी असे.

७/ आणि हुंडी! घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती, कच्छी व्यापारी कुटुंबांच्या जुन्या वह्यांमागे जी परंपरा आहे, तिच्यातील हा सर्वांत देखणा शोध. हुंडीवर रक्कम केवळ आकड्यात लिहून भागत नसे. आकडा, मग अक्षरी, मग त्या रकमेचे निमे किती, आणि त्या निम्म्याची दुप्पट म्हणजे पूर्ण किती, असे लिहिले जाई. हजाराच्या हुंडीवर एक शून्य वाढवून लबाडाने दहा हजार केले तरी 'निमे पाचशे' हे शब्द त्याला उघडे पाडत. आजचा संगणकशास्त्रज्ञ याला चेकसम म्हणतो. पेढीवरच्या मुनिमाला ते नाव ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते.

८/ हुंडी वाटेत हरवली तर? दुसरी प्रत निघे, तिचे नाव पेठ. तीही गहाळ झाली तर तिसरी, तिचे नाव परपेठ. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र नाव, म्हणजे कोणती मूळ, कोणती दुसरी आणि कोणती तिसरी याचा घोळ नाही आणि एकाच रकमेचे पैसे दोनदा दिले जाण्याचा धोका नाही. आता याशेजारी एखाद्या संस्थेच्या संगणकावरील फायलींची नावे ठेवून पाहावीत : 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरी'. प्रगती नेमकी कुणी केली, हा प्रश्न इथे विचारणे क्रमप्राप्त आहे.

९/ नक्कल करतानाच चूक शिरते, हे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीने शिकवले. तिथल्या लेण्यांमध्ये शंभराच्या घरात शिलालेख आहेत आणि शतकानुशतकांच्या पावसाने त्यांतील कित्येक अक्षरे खाल्ली आहेत. एकोणिसाव्या शतकातील आरंभीच्या अभ्यासकांनी अनेक लेख नजरेने पाहून हाताने उतरवले. अशा नकलेत डोळ्याला जे भासले ते उतरते. पुढे ओला कागद दगडावर ठोकून ठसा घेण्याची रीत रुळली. ठशात दगड स्वतः बोलतो. वाचणाऱ्याचा ग्रह मध्ये येत नाही. नजरेची नक्कल आणि ठसा यांतील हे अंतर ध्यानात ठेवावे, पुढे ते कामी येणार आहे.

१०/ आता ताळ्याचे गणित. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. हे बरोबर आहे का? अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जावी. ३४७ चे १४, त्याचे ५. २६ चे ८. पाच आठे चाळीस, त्याचे ४. उत्तर ९०२२ चे १३, त्याचेही ४. ताळा जमला. कोणी ९०२२ चे ९०३२ केले असते तर शेवटी ५ आले असते आणि चूक पकडली गेली असती. पूर्ण गुणाकार पुन्हा न करता चूक सापडते, ही ताळ्याची किमया.

११/ पण ९०२२ चे ९२०२ झाले तर? अंक तेच, बेरीज तीच, ताळा जमतो आणि चूक निसटते. म्हणजे ताळ्यांतही कच्चे आणि पक्के असतात. संगणकाच्या जगात पक्का ताळा म्हणजे हॅश. फाइल कितीही मोठी असो, 'शा-२५६' ही पद्धत तिच्यातून ६४ चिन्हांची एक ओळ काढते. हजार पानांच्या ग्रंथातील एक स्वल्पविराम हलवला तरी ती ओळ पार बदलून जाते. हा फाइलचा ठसा होय. तो काढण्याचे साधन बहुतेक संगणकांत मुळातच असते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

१२/ ठसा लागतो कशासाठी? कारण साठवलेली माहिती ही शेवटी एक भौतिक वस्तू आहे. हार्ड डिस्कवर ती चुंबकाच्या सूक्ष्म ठिपक्यांत असते, पेनड्राइव्हमध्ये अडकवून ठेवलेल्या विद्युतभारात असते, सीडीवर खळग्यांच्या रांगेत असते. चुंबकत्व विरते, भार गळतो, सीडीचा थर खराब होतो. कान्हेरीच्या दगडाला पाऊस लागतो तसा यांनाही काळ लागतो. दगडावरचे गेलेले अक्षर मात्र डोळ्यांना दिसते. डिस्कवरचे गेलेले अक्षर कोणाला दिसत नाही.

१३/ हे अंधेरीने तरी विसरू नये. १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीचे क्षेत्र उभे राहिले. १९८० च्या दशकात तिथल्या टंडन समूहाच्या कारखान्यांत डिस्क-ड्राइव्हशी निगडित उत्पादन होत असे. याच टंडन नावाचे फ्लॉपी-ड्राइव्ह १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत बसवलेले होते. पुढे शतक सरताना सीप्झमधील कंपन्यांनी 'वायटूके'ची कामे केली. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच अंक साठवले गेले होते; २००० आणि १९०० यांत भेद उरला नव्हता. साठवणुकीतील काटकसर पुढच्या पिढीला किती महागात पडते, हे या उपनगराने पगार घेऊन शिकले आहे.

१४/ एक बिट उलटला तर काय होते? १८ मे २००३, बेल्जियम. ब्रुसेल्सजवळील स्कारबेक येथे संगणकीय मतदानात एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते पडलेली दिसली. फेरमोजणीत नेमकी ४०९६ मते जास्तीची निघाली. १ ची दुप्पट २, तिची ४, अशी बारा वेळा दुप्पट केली की ४०९६ येतात. म्हणजे द्विमान पद्धतीतील एका घरात शून्याच्या जागी एक झाला होता. आकडा अशक्य होता म्हणून चूक सापडली. तो शक्यतेच्या कक्षेत असता तर निकाल बिनबोभाट जाहीर झाला असता.

१५/ यावर उपाय नाही असे मुळीच नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांचे यंत्र शनिवार-रविवारी चूक सापडली की काम टाकून देई. यंत्राला चूक कळते तर ती दुरुस्त का करता येऊ नये, या त्राग्यातून त्यांनी १९५० मध्ये चूक शोधून दुरुस्त करणाऱ्या संकेतांची पद्धत प्रसिद्ध केली. मूळ माहितीसोबत थोडे जास्तीचे, विचारपूर्वक निवडलेले अंक ठेवायचे, हे तिचे मर्म. हुंडीवरचे 'निमे' आणि हॅमिंगचे जादा अंक एकाच कुळातले. शास्त्र सत्तर वर्षांहून जुने आहे. उणीव आहे ती ते वापरण्याच्या इच्छेची.

१६/ 'पण स्कॅन तर छायाचित्र असते, त्यात अक्षर कसे बदलेल?' बदलते. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅन यंत्रे आकडेच बदलत होती. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच मानी आणि ६ च्या जागी ८ चिकटवी. ज्या बांधकाम नकाशावरून हे उघड झाले त्यात वेगवेगळ्या खोल्यांची क्षेत्रफळे स्कॅनमध्ये एकसारखी झाली होती. अक्षर धूसर नव्हते, सुबक होते आणि खोटे होते. पुनर्विकासात चौरस फुटांवरून भांडणाऱ्या उपनगरांनी हे उदाहरण भिंतीवर लावावे. पहिला ताळा म्हणूनच मूळ कागदाशी, माणसाच्या डोळ्यांनी घ्यायचा असतो.

१७/ घरचे उदाहरण त्याच वर्षीचे. एप्रिल २०१३ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले की महाराष्ट्रातील सुमारे ३ लाख आधार अर्जदारांची माहिती मुंबईहून बंगळूरच्या सर्व्हरकडे पाठवताना नष्ट झाली. हार्ड डिस्क बिघडली, आणि बंगळूरला जे पोहोचले ते सांकेतिक रूपातून उलगडता आले नाही. लोकांना पुन्हा नोंदणी करावी लागणार होती. ३ लाख माणसांनी रांगेत उभे राहून दिलेले बोटांचे ठसे गेले. पोहोचलेल्या मालाचा ताळा घेऊन, तो जमल्यावरच पाठवणाऱ्याकडील प्रत मोकळी करायची, हा नियम कोणत्याही गोदामातील कारकुनाला ठाऊक असतो.

१८/ ताळ्याइतकेच महत्त्वाचे ते प्रतींचे अंतर. २६ जुलै २००५ रोजीच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच काळात कुलाब्याची नोंद होती ७३ मिलिमीटर. एकाच शहरातील दोन टोकांत एवढे अंतर! मिठीकाठच्या तळमजल्यांवरील कागद आणि संगणक एकाच पाण्यात बुडाले. ज्याची मूळ प्रत कपाटात आणि दुसरी त्याच खोलीतील संगणकात होती, त्याच्याजवळ खरे तर एकच प्रत होती. दोन प्रती एकाच पुरात बुडत असतील तर त्या दोन मोजू नयेत.

१९/ उपनगरांच्या नोंदींना आणखी एक धोका पूर्वीपासून आहे : स्थलांतर. साष्टी आधी ठाणे जिल्ह्यात. १९२० मध्ये तिच्यातून मुंबई उपनगर जिल्हा निघाला. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी पुन्हा स्वतंत्र उपनगर जिल्हा झाला. कारभार हलला की दप्तर हलते, आणि दप्तर हलले की पाने गळतात. संगणकातही तेच घडते : जुन्या यंत्रातून नव्यात, जुन्या प्रणालीतून नव्यात. प्रत्येक स्थलांतर हे न मोजलेले गठ्ठे टेम्पोत भरण्यासारखे असते. निघताना मोजदाद नाही, उतरवताना मोजदाद नाही, मग हरवले कुठे हे कोण सांगणार?

२०/ हे केवळ इतिहासकारांचे दुखणे आहे असे ज्याला वाटत असेल त्याने झोपडपट्टी पुनर्वसनाकडे पाहावे. घर मिळणार की नाही हे तारखेवर ठरते. आधी १ जानेवारी १९९५ आणि पुढे १ जानेवारी २००० ही पात्रतेची सीमा झाली; त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क घराची तरतूद आली. मतदार यादीतील एक ओळ किंवा एक जुनी पावती, एवढ्यावर कुटुंबाचे छप्पर अवलंबून. त्या नोंदीतील १९९९ चे २००९ झाले, तर तो बिघाड संगणकासाठी अवघ्या तीन अंकांचा असतो. त्या घरासाठी तो किती मोठा, हे सांगायला नको.

२१/ आणि मराठीचे स्वतःचे दुखणे वेगळेच. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींत लक्षावधी पाने टंकित झाली. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली होती. तो फॉन्ट नसेल तर ग्रंथाच्या जागी अर्थहीन चिन्हांचा चिखल दिसतो. रूपांतर केले तर अर्धा र घसरतो. 'आचाऱ्यांना' चे 'आचार्यांना' होते आणि स्वयंपाकी गुरू बनतो. 'दऱ्या' चे 'दर्या' होते आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो. फाइल उघडते, शब्द शुद्ध दिसतो, अर्थ मात्र मेलेला असतो. तपासनीसाला मराठी येत नसेल तर हे कधीही कळणार नाही.

२२/ आता आक्षेप. पहिला : 'आमचे सगळे क्लाउडवर आहे.' क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील संगणक. मोठ्या कंपन्या आपल्या डिस्कचा ताळा घेतात, हे खरे. पण बिघडलेली फाइलच वर चढवली तर त्या बिघाडाची निष्ठेने राखण करतात. घरच्या संगणकात फाइल खराब झाली की आपोआप जुळवणी करणारी सोय ती खराब फाइलच सर्वत्र पोहोचवते. नक्कल करणाऱ्याला चांगले-वाईट कळत नाही. ते काम ताळ्याचे आहे.

२३/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार : 'हॅश म्हणजे सत्य नव्हे. खोट्या कागदाचाही हॅश निघतो.' अगदी बरोबर. खोटे ताम्रपटही कडी-मुद्रेसह घडवले गेले आहेत. हॅश एवढेच सांगतो की अमुक दिवशी जे ठेवले ते आजही तसेच आहे. कागद खरा की खोटा हे ठरवणे इतिहासकाराचे काम. पण ज्या पुराव्याचा मधल्या काळात फेरफार झाला की नाही हेच ठाऊक नाही, त्यावर इतिहासकाराने काय ठरवावे? म्हणूनच मूळ कागद रद्दीत जाता कामा नये. स्कॅन हा त्याचा सोबती आहे, वारस नव्हे.

२४/ तिसरा आक्षेप : 'एवढे काटेकोर कोण राहील?' न्यायालय राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्याची जागा ठेवलेली आहे. म्हणजे चोरीच्या खटल्यातील चित्रफितीला जी कसोटी, ती शिवकालीन पत्राच्या स्कॅनला नाही. कायद्याला जे कळले ते वारशाच्या नावाने भाषणे करणाऱ्यांना कळू नये, याला अज्ञान म्हणावे की अनास्था?

२५/ मागणी सरळ आहे. सार्वजनिक पैशातून दप्तर स्कॅन करण्याचे जे जे कंत्राट निघेल, त्यात चार अटी असाव्यात. प्रत्येक फाइलचा हॅश काम सुपूर्द करतानाच दिला जावा. ती यादी फायलींपासून दूर, छापील रूपातही ठेवावी, कारण कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगायची नसते. वर्षातून एकदा पूर्ण ताळा घेऊन त्याचा अहवाल प्रसिद्ध व्हावा. आणि काही टक्के पाने मूळ कागदाशी, मोडी व मराठी जाणणाऱ्याने, ताडून पाहावीत. 'इतकी लाख पाने स्कॅन झाली' हा आकडा मिरवण्यात अर्थ नाही. इतकी लाख पाने यंदा ताळ्यात उतरली, हे सांगावे.

२६/ तरुण इतिहासप्रेमींची जबाबदारीही कमी नाही. मोडी पत्राचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर साध्या चित्रासारखे पाठवले की ते आवळले जाते. बारीक अनुस्वार आणि फिकी शाई आधी जाते. पाठवायचे तर फाइल म्हणून पाठवावे. मूळ छायाचित्रावर कधीही खाडाखोड करू नये. उजळ करायचे तर वेगळ्या नावाने, पेठ-परपेठेच्या शिस्तीने. कुठे, कधी आणि कोणाच्या संग्रहातून घेतले ही नोंद सोबत असावी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. आणि तिन्हींचा ताळा दरवर्षी. दसऱ्याला शस्त्रे पुजणाऱ्या आणि पाटीवर सरस्वती काढणाऱ्या समाजाला वर्षातला एक दिवस ठरवणे अवघड नसावे.

२७/ साष्टीच्या दप्तराची आठशे वर्षे एकत्र पाहिली की एक गोष्ट लख्ख दिसते. लेख कोरणाऱ्याने शाप कोरला, ताम्रपट घडवणाऱ्याने कडी ओवली, कारकुनाने जोडावर शिक्का मारला, मुनिमाने निमे लिहिले. यांतील प्रत्येकाने आपली नोंद बिघडणारच असे गृहीत धरले आणि बिघाड दिसेल अशी व्यवस्था केली. ज्यांच्याजवळ दगड, तांबे आणि बोरू होते त्यांनी संशय बाळगला. ज्यांच्या हाती सर्वांत नाजूक माध्यम आले आहे ते मात्र निर्धास्त आहेत.

२८/ महावलीच्या त्या वाडीचे २४ द्रम्म आज कोणी वसूल करत नाही. ज्या राजाने ते दिले त्याचे राज्यही उरले नाही. नोंद मात्र उरली, कारण ती लिहिणाऱ्याने पुसणाऱ्याचाही विचार केला होता. आज अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये स्कॅन होणारे पान शंभर वर्षांनी कोणी उघडील तेव्हा त्याला दोनच प्रश्न पडतील : हे तेच पान आहे का, आणि कशावरून? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच लिहून ठेवावे लागते. नंतर ते कोणालाही देता येत नाही.